शिक्षकाची वाणी आणि लहान मुले

ज्युबिलीच्या स्मरणिकेत देवळाच्या पायाभरणीचा, घंटेच्या आगमनाचा आणि आजवर येऊन गेलेल्या धर्मगुरूंच्या नामावळीचा वृत्तांत यावा, हे यथायोग्यच आहे. आणि तो ह्या पुस्तिकेत अन्यत्र आलेलाही आहे. आमच्याकडे संपादक मंडळींनी मागितला तो शिक्षणाचा इतिहास. त्याविषयी विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की शाळांचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो तो बहुधा इमारतींचा, पटसंख्येचा आणि निकालांचा असतो. चार भिंतींच्या आत पाच-सहा वर्षांच्या बालकासमोर उभा राहून शिक्षक कोणत्या स्वरात बोलत होता, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आणि तरीही आपणांपैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांस विचारून पाहावे. पहिल्या इयत्तेत काय शिकलात, हे त्यांस धड सांगता येणार नाही. मास्तर कसे बोलत, हे मात्र ते हुबेहूब करून दाखवितील.

सुदैवाने पवित्र ख्रिस्तसभेच्या दीर्घ परंपरेत काही थोर व्यक्तींनी ह्या गोष्टीकडे लक्ष देऊन ती लिहून ठेविली आहे. तिचाच थोडासा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. त्यात आपल्या सभेची स्तुतीच तेवढी येईल, अशी अपेक्षा मात्र वाचकांनी ठेवू नये. छडी ख्रिस्ती शाळांतही होती, आणि पुष्कळ काळ होती.

आरंभ शुभवर्तमानापासूनच करणे उचित होय. लोक आपली बालके प्रभूकडे घेऊन आले आणि शिष्य त्यांस दटावू लागले, हा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मत्तय, मार्क व लूक ह्या तिघांनीही तो सांगितला आहे. परंतु हे पाहून येशूस राग आला, एवढे एकटा मार्कच सांगतो. आणि त्याने त्या बालकांस कवेत घेतले, हेही मार्कच सांगतो. प्रभूचा राग मुलांच्या गलबल्यावर नव्हता. मुलांस दटावणाऱ्या मोठ्या माणसांच्या स्वरावर होता. हा उतारा आम्ही मिस्सेत कितीतरी वेळा वाचला असेल. परंतु त्या दटावणाऱ्यांत आपणही बसतो, हे आमच्या लक्षात यावयास बरीच वर्षे लागली. ती हकीकत पुढे येईलच.

संत अगस्तिन ह्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते ह्या गावी झाला. आज ते स्थळ अल्जीरिया देशात मोडते. चाळिशी ओलांडल्यावर, बिशप झाल्यानंतर, त्यांनी आपल्या आयुष्याचे जे निवेदन देवासमोर केले ते 'कन्फेशन्स' ह्या नावाने जगप्रसिद्ध आहे. त्यात शाळेच्या आठवणी आहेत, आणि त्या वाचताना पंधरा-सोळा शतकांचे अंतर क्षणात नाहीसे होते. आपण लहानपणी देवाकडे प्रार्थना करू लागलो ती कशासाठी, तर शाळेत मार बसू नये म्हणून, असे हा महापंडित सांगतो. त्याहूनही त्यांच्या मनास लागून राहिली ती दुसरीच गोष्ट: मुलास बसलेला मार ऐकून घरची वडील माणसे हसत, आणि ज्यांस त्याचे काहीच वाईट व्हावयास नको होते ते आईवडीलही हसत. वळ गेले, परंतु ते हसणे चाळीस वर्षांनंतरही गेले नव्हते.

ह्याच ग्रंथात भाषाशिक्षणाविषयी त्यांनी जे सांगितले आहे ते आम्हांस ह्या सर्व विषयाचे मर्म वाटते. त्यांस लॅटिन उत्तम येई आणि ग्रीक त्यांस कधीच आवडली नाही. कारण शोधताना ते म्हणतात, की लॅटिन आपण शिकलो ती दायांच्या लाडात, आपल्याशी हसणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून. ग्रीक मात्र धाकदपटशाने व शिक्षेच्या भयाने शिकविली गेली. ग्रीक साहित्यातही गोड कथा होत्याच. परंतु त्या परक्या भाषेच्या कष्टाने त्या गोडीवर जणू कडू रस शिंपडला गेला. जगातील एक अत्यंत कुशाग्र बुद्धी एका भाषेस आयुष्यभर दुरावली, ती बुद्धीच्या उणिवेमुळे नव्हे. अगस्तिन ह्यांनी छडीचा सर्वथा निषेध केला असे मात्र नाही. मुलांच्या उनाडपणास आळा घालणारी शिक्षा ही देवाच्याच योजनेचा भाग, असेही ते त्याच ठिकाणी म्हणतात. थोर पुरुषांच्या लेखनातून आपल्याला हवे तेवढेच उचलणे बरे नव्हे, म्हणून हेही सांगून ठेवितो.

सुमारे ४०० साली कार्थेज नगरातील देओग्रातियास नावाच्या एका डीकनने ह्याच अगस्तिन ह्यांस पत्र लिहून आपली अडचण कळविली. नवख्यांस धर्माची ओळख करून देण्याचे काम त्याच्याकडे होते. परंतु तेच तेच सांगून तो स्वतःच कंटाळून जाई, आणि आपले बोलणे आपल्यासच नीरस वाटे. त्यास उत्तर म्हणून अगस्तिन ह्यांनी एक छोटेखानी ग्रंथच लिहिला. त्यात काय शिकवावे हे तर आहेच. परंतु प्रसन्न चित्ताने कसे शिकवावे, ह्यावर त्यांनी विशेष भर दिला आहे. ज्या गोष्टी आपणांस सरावाच्या झाल्या त्या लहानांस सांगताना कंटाळा आला, तर भावाच्या, बापाच्या, आईच्या मायेने त्यांच्याजवळ जावे, म्हणजे त्या आपणांसही पुन्हा नव्या वाटू लागतात, असा त्यांचा सल्ला आहे. आई बाळाला घास चावून बारीक करून भरविते, त्यात तिला स्वतः मोठा घास खाण्याहून अधिक सुख असते, हा दृष्टांतही तेथलाच. आणखी एक लहानशी सूचना अशी, की ऐकणारा थकलेला दिसला तर त्यास बसावयास आसन द्यावे. त्या काळी त्या देशात लोक उभे राहून प्रवचन ऐकत. तो ग्रंथ मुख्यतः प्रौढ नवदीक्षितांच्या शिक्षणासाठी लिहिलेला आहे, हे खरे. परंतु शिकविणारा उभा असून त्याची नजर ऐकणाऱ्याच्या पायांकडे असावी, ही गोष्ट आमच्या बालवर्गासही तितकीच लागू पडते.

अकराव्या शतकात नॉर्मंडीतील बेक येथील मठात संत आन्सेल्म हे होते. पुढे १०९३ मध्ये ते इंग्लंडात कँटरबरीचे आर्चबिशप झाले. त्यांचे शिष्य एडमर ह्यांनी लिहिलेल्या चरित्रात एक संवाद आहे. एका मठाचे अधिपती त्यांजकडे येऊन गाऱ्हाणे सांगू लागले, की मठात वाढणारी मुले अगदी हाताबाहेर गेली आहेत. रात्रंदिवस मारतो, तरी दिवसेंदिवस अधिकच बिघडतात. आन्सेल्म ह्यांनी शांतपणे विचारिले, की ती मोठी होतात तेव्हा कशी निघतात? अधिपती म्हणाले, मंद आणि पशुवत्. तेव्हा आन्सेल्म ह्यांनी बागेतल्या झाडाचा दाखला दिला: रोप लावून ते चोहोंकडून असे कोंडून टाकिले, की त्यास फांदी पसरता येऊ नये, आणि काही वर्षांनी मोकळे केले, तर ते कसे दिसेल? वेडेवाकडे, गुंतलेल्या फांद्यांचे. मग सोनाराचा: सोन्याच्या पत्र्यास आकार द्यावयाचा तर सोनार नुसते ठोके घालीत नाही, हलक्या हाताने दाबतो, उचलतो, गुळगुळीत करितो. ते अधिपती ऐकून वरमले, आणि आपली चूक त्यांनी कबूल केली, असे एडमर लिहितात. आम्हांस ह्या गोष्टीत विशेष वाटते ते हे, की आन्सेल्म ह्यांनी मुलांविषयीचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्या माणसाशी जो स्वर लाविला, तोच त्याने मुलांशी लावावा असे त्यांस सांगावयाचे होते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून हिंडत ते मुलांस व गुलामांस धर्मशिक्षणासाठी बोलावीत, आणि धर्माची तत्त्वे चालीवर म्हणवून घेत. आमच्या वसईच्या भूमीसही त्यांचे पाय लागले. पुढे पाद्री थॉमस स्टीफन्स ह्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतील राचोल येथे छापले गेले. त्या काळच्या पोर्तुगीज सत्तेने केलेल्या बळजबरीचा इतिहास आम्हांस ठाऊक आहे व तो झाकण्याचे कारण नाही. परंतु घंटा, गाणे आणि ओवी ह्यांच्या वाटेनेही आपल्या पूर्वजांच्या कानी धर्म आला, आणि जो भाग त्या वाटेने आला तो टिकला, असे आम्हांस वाटते. वसईतील वृद्ध स्त्रियांच्या तोंडची उपवासकाळातील जुनी गीते ज्यांनी ऐकिली आहेत त्यांस हे पटावे.

ख्रिस्तपुराणापूर्वी सतराच वर्षे, १५९९ मध्ये, येशूसंघाने आपल्या विद्यालयांसाठी 'रात्सियो स्तुदियोरुम' नावाची नियमावली जाहीर केली होती. तीत शिक्षकास विद्यार्थ्यावर हात टाकण्याची मनाई आहे. मार देणे अपरिहार्यच झाले तर संघाबाहेरचा वेगळा माणूस त्या कामासाठी नेमावा, असे सांगितले आहे. आजच्या दृष्टीने ही तडजोडच. परंतु ज्या तोंडाने शिकवावयाचे त्याच माणसाच्या हाती छडी नसावी, इतके तरी त्या काळी उमगले होते. त्याच्याच शेजारी दुसरा नियम असा, की शिक्षकाने वाणीनेही कोणाचा अपमान करू नये, आणि विद्यार्थ्यास त्याच्या स्वतःच्या नावावाचून किंवा आडनावावाचून दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारू नये. गाढवा, ठोंब्या, नंदीबैला, ही आपल्याकडील शाळांतली संबोधने चार शतकांपूर्वीच्या त्या नियमात बसत नाहीत. लाडाने ठेविलेली टोपणनावेही बसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कारण वर्गात एकाचा लाड तो दुसऱ्यांस हसण्याचा परवाना होतो.

फ्रान्समधील संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल (१६५१–१७१९) ह्यांनी गरीब कारागिरांच्या मुलांसाठी शाळा काढिल्या आणि लॅटिनऐवजी मुलांच्या स्वतःच्या फ्रेंच भाषेत वाचन शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या शाळांची व्यवस्था सांगणारा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १७२० मध्ये, आविन्यों येथे छापला गेला. त्यातील एक गोष्ट वाचून आम्हांस प्रथम हसू आले. शिक्षकाने वर्गात शक्य तितके बोलूच नये, असा तेथे दंडक आहे. हातात 'सिग्नल' नावाचे एक लहानसे टकटक वाजणारे साधन ठेवावे. वाचणारा चुकला की एक ठोका, पुन्हा वाच म्हणून खूण, पुढचा मुलगा म्हणून दुसरी खूण. ही यंत्रासारखी रुक्ष शिस्त आम्हांस आवडली नाही. मग विचार केला, की एका खोलीत दाटीवाटीने बसलेली मुले, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओरडून घसा बसलेला शिक्षक, हे चित्र त्या संताने पाहिलेले असले पाहिजे. जो दिवसभर ओरडतो त्याच्या ओरडण्यास अर्थ उरत नाही, आणि त्याच्या हळू बोलण्यासही उरत नाही. शिक्षेची साधने त्या ग्रंथात आहेत. परंतु रागाच्या भरात शिक्षा करू नये आणि अपशब्द उच्चारू नये, ह्याविषयी त्याची सक्त ताकीद आहे. वर्षाअखेर प्रत्येक मुलाच्या स्वभावाची नोंद करून ती पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी, अशीही योजना आहे. ह्या संतास पोप पायस बारावे ह्यांनी १९५० मध्ये सर्व शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

संत जॉन बॉस्को ह्यांची १८४१ मधील गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ८ डिसेंबर, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. तूरिन शहरात संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या देवळात हा तरुण धर्मगुरू मिस्सेसाठी वस्त्रे परिधान करीत होता. कोपऱ्यात एक मुलगा अंग चोरून उभा होता. देवळाच्या सेवकाने त्यास मिस्सेची सेवा करावयास सांगितले. ती आपणांस येत नाही म्हणताच, मग येथे आलास कशाला, असे खेकसून त्याने त्यास मारीत बाहेर काढिले. डॉन बॉस्को म्हणाले, हा माझा मित्र आहे, त्यास बोलवा. मुलगा कापत परत आला. मिस्सा संपल्यावर त्यांनी विचारपूस केली. नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, आईबाप वारलेले, वय सोळा, लिहितावाचता येत नाही. धर्मशिक्षणाला का जात नाहीस, असे विचारिता त्याने सांगितले, की आपल्याहून लहान मुलांस सर्व येते, आणि आपण एवढा मोठा असून आपणांस काहीच येत नाही. म्हणून लाज वाटते. शिटी तरी वाजविता येते का, असे डॉन बॉस्कोंनी विचारिले तेव्हा तो प्रथम हसला, असे परंपरा सांगते.

गारेल्ली लहान मूल नव्हता, हे खरे. परंतु ती लाज त्याच्या मनात सोळाव्या वर्षी उत्पन्न झालेली नव्हती. आणि आम्हांस त्या देवळाच्या सेवकाविषयीही विचार करावासा वाटतो. तो दुष्ट होता असे नाही. देवाच्या घराची शिस्त राखण्याचे आपले काम करीत होता. आपल्या देवळांत, वर्गांत आणि घरांत जे खेकसतात ते बहुतेक असेच कर्तव्यदक्ष लोक असतात.

पुढे १८७७ मध्ये डॉन बॉस्कोंनी आपली पद्धती थोडक्यात लिहिली आणि विवेक, धर्म व वत्सलता ह्या तिहींवर ती आधारिली. त्याहूनही आम्हांस मोलाचे वाटते ते १० मे १८८४ रोजी रोमहून त्यांनी तूरिनच्या आपल्या घरास लिहिलेले पत्र. तेव्हा ते वृद्ध झाले होते, आणि आपल्याच संस्थेत काही बिघडले आहे, हे त्यांस जाणवत होते. पूर्वी शिक्षक मुलांत मिसळून खेळत. आता ते एका बाजूस उभे राहून नुसते लक्ष ठेवितात, आणि मुले त्यांस भिऊन दूर राहतात. मुलांवर शिक्षकांचे प्रेम नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते त्यांच्यासाठी झिजत होते. परंतु आपणांवर प्रेम आहे, हे मुलांस कळले पाहिजे, आणि ते कळत नाही, हे त्यांचे दुःख होते. जुबिली साजरी करणाऱ्या कोणत्याही संस्थेने हे पत्र एकदा वाचावे. चाळीस वर्षांत जी व्यवस्था उत्तम बसते तिच्यातूनच कधी कधी आवाजातील ऊब निघून जाते.

आता ज्या स्त्रीचा उल्लेख करावयाचा ती म्हणजे इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी. ६ जानेवारी १९०७, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडिले. तेथील तीन प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहेत.

एके दिवशी त्यांनी मुलांस नाक शिंकरण्याचा धडा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे साफ करावे, एवढेच. मुले अत्यंत लक्षपूर्वक पाहत राहिली, कोणी हसले नाही, आणि धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले, की शेंबडा म्हणून ह्या मुलांस आजवर ज्याने त्याने हिडीसफिडीस केले होते. परंतु कोणीही शांतपणे, सन्मानाने, हे असे करावे म्हणून सांगितले नव्हते. दुसऱ्या प्रसंगी त्या एक चार महिन्यांचे तान्हे बाळ कडेवर घेऊन वर्गात आल्या आणि मुलांस म्हणाल्या, की पाहा, हे किती शांत आहे. तुम्हांस इतके शांत राहता येणार नाही. मुले श्वासदेखील जपून घेऊ लागली, आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. ह्यातूनच पुढे त्यांचा शांततेचा धडा निघाला: मुले स्तब्ध बसत, बाई शेजारच्या खोलीत जात आणि तेथून एकेकाचे नाव कुजबुजत्या स्वरात घेत. आपले नाव ऐकू येताच ते ते मूल अलगद उठे आणि खुर्चीलाही धक्का न लावता त्यांजपाशी येई. चाळीस मुलांस गप्प बसविण्यासाठी चाळीसांहून मोठा आवाज लागतो, ही आमची सर्वांची समजूत. येथे कुजबुज पुरली. बक्षीस म्हणून त्यांनी मिठाई देऊ केली, तर मुलांनी ती नाकारिली.

मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासेस आल्या. महायुद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरल्यामुळे त्यांस १९४६ पर्यंत हिंदुस्थानातच राहावे लागले, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी येथील शेकडो शिक्षकांस शिकविले. परंतु त्या येण्यापूर्वीच त्यांचे विचार आपल्याकडे पोहोचले होते. भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्या वकिलाने वकिली सोडून बालमंदिर चालविले. लोक त्यांस प्रेमाने 'मिशाळ आई' म्हणत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी, कोसबाड आणि आपली वसई ही २०१४ पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत, तरी आपल्या लोकांस त्या कार्याची माहिती थोडीच आहे. आदिवासी मुले बालवाडीत येईनात; तेव्हा ह्या बायांनी मुलांस आळशी ठरविले नाही, बालवाडीच उचलून पाड्यांवरील अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने हेच साहित्य. मुलाच्या घराच्या दारात बसून बोलावयाचे म्हटले की शिक्षिकेचा स्वर आपोआप बदलतो, कारण तेथे पाहुणी ती असते.

हे सर्व आम्ही वाचले ते फार उशिरा. तत्पूर्वी, आमच्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत, दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा वर्ग घेत होतो. सात वर्षांच्या एका मुलीस आम्ही एक प्रश्न विचारिला. तिने उत्तर दिले ते बरोबर होते. परंतु आपल्या घरच्या बोलीत दिले. आम्ही रागावलो नाही. आम्ही हसून तिचाच एक शब्द तिच्याच हेलात उच्चारून दाखविला आणि नीट मराठीत बोल म्हणालो. वर्ग खदखदून हसला, आणि आम्हांस त्या वेळी वाटले, की आपण मोठे खेळकर शिक्षक आहोत. दोन आठवड्यांनी तिची आजी आली. "फादर, तुम्ही तिला ओरडला नाहीत, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "पण पोर आता जपमाळेच्या वेळीसुद्धा तोंड उघडीत नाही." आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी दाराआड उभी राहिली आणि बाहेर आली नाही. ख्रिस्तप्रसाद तिने त्या वर्षी घेतला. परंतु वर्गात पुन्हा हात वर केला नाही, आणि पुढे आमची बदली झाली.

अगस्तिन ह्यांच्या ग्रीक भाषेची गोष्ट आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. तिच्यावर परीक्षेत गुणही मिळविले होते. तरी ज्या बोलीत त्या मुलीने आईच्या मांडीवर येशूचे नाव प्रथम ऐकिले, ती बोली आम्ही देवळाच्या अंगणात हास्यास्पद ठरविली. सामवेदी, वाडवळी, कोळी अशा कितीतरी बोली आपल्या भागातील घरांत आहेत. आता तर पुष्कळ मुले इंग्रजी शाळेत जातात. म्हणजे तेथे त्यांच्या मराठीस हसणारे निराळे, आणि येथे त्यांच्या बोलीस हसणारे निराळे.

अलीकडच्या शास्त्रज्ञांनी ह्या विषयात पुष्कळ शोध केले आहेत. त्यांतील दोनच सांगतो. डीकॅस्पर व फायफर ह्यांनी १९८० मध्ये दाखविले, की जन्मून दोन-तीन दिवसही न झालेले अर्भक आईचा आवाज ओळखते आणि तो पुन्हा ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलते. म्हणजे शब्द कळण्याच्या कितीतरी आधी स्वर कळतो. हॅम्रे व पियांटा ह्या अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की बालवर्गातील शिक्षिकेशी ज्या मुलांचे नाते कटकटीचे राहिले, त्यांच्या अभ्यासावर व वर्तनावर त्याची छाया आठवी इयत्तेपर्यंत दिसते. अशा अभ्यासांतून अमुक कारणामुळेच तमुक झाले असे ठामपणे म्हणता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरी आजीने जे सांगितले त्याच्याशी हे जुळते.

२००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली. रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग हा काही त्या कायद्यातील शाळा नव्हे. तेथे शिकविणारे आपलेच तरुण-तरुणी, आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी विनावेतन येणारे. त्यांचा आवाज चढला तर त्यांस दोष देण्यापूर्वी एका खोलीत साठ मुले कोंबणाऱ्या आम्ही आपणांकडे पाहिले पाहिजे. म्हणून येत्या जूनपासून लहानांचे वर्ग दोनात विभागावयाचे, आणि पहिले तीन रविवार पाठांतर न घेता प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव शिक्षकाने शिकावयाचे, असे धर्मशिक्षकांच्या बैठकीत ठरले आहे. प्रार्थना मुलाने घरच्या बोलीत म्हटली तर ती प्रथम संपूर्ण ऐकून घ्यावयाची, हेही ठरले. ह्यावर दोन ज्येष्ठ शिक्षकांचे मत निराळे आहे. त्यांस वाटते, की अशाने शुद्ध मराठी बिघडेल. त्यांचे म्हणणे आम्ही टिपून ठेविले आहे आणि वर्षाअखेर त्याचा पुन्हा विचार करू.

राहता राहिली ज्युबिलीची देणगी. एका उदार धर्मग्रामस्थांनी बालवर्गाच्या खोलीत ध्वनिवर्धक बसवून देण्याची इच्छा प्रकट केली आहे, म्हणजे शिक्षकांचा घसा बसणार नाही आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल. त्यांच्या सद्हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही, आणि आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभार मानिले आहेत. तूर्त तो ध्वनिवर्धक सणाच्या मिरवणुकीसाठी अंगणात लावावा, आणि त्या खोलीसाठी त्याऐवजी वीस लहान चटया द्याव्यात, अशी विनंती आम्ही त्यांस केली आहे. त्यांचा होकार येण्याची आम्ही वाट पाहत आहोत.